दगडाचा शेक आणि एक छोटा बेडूक



बेडकावर लेख, आणि तोही एका रिटायर झालेल्या नर्सनं लिहिलेला! तुम्ही म्हणाल बाईंना आता दुसरा उद्योग उरला नाही. तसंच समजा हवं तर. पण चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एका बेडकानं झोपू दिलं नाही, ते का, एवढं सांगायचं आहे. शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

माझं बालपण रेवदंड्याजवळ गेलं. पहिला पाऊस पडला की घरामागच्या खाचरांतून रात्रभर डराव-डराव सुरू व्हायचं. आजी म्हणायची, "ओरडू दे त्यांना, ते ओरडतात म्हणून भात पिकतो." १९६९ साली आम्ही इथे आलो आणि तो आवाज मागे राहिला. इथल्या धावपळीत बेडूक या प्राण्याचा मी पुढली पन्नास वर्षं विचारही केला नाही.

२०१८ मध्ये माझी भाची मला ऑस्ट्रेलियात घेऊन गेली. ती सिडनीला असते. तिथून तीन तास विमानानं केर्न्सला आणि मग मोटारीनं उत्तरेला मॉसमन नावाच्या गावी गेलो. त्या बाजूला फार जुनं पर्जन्यवन आहे. १९८८ पासून ते जागतिक वारसा म्हणून जपलेलं आहे. मॉसमनच्या घळईत मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे आणि त्यांच्यामधून धावणारं स्वच्छ थंड पाणी. मला माथेरानची आठवण झाली, पण हे जंगल त्याहून दाट आणि ओलं.

दुसऱ्या दिवशी एका पायवाटेवर जायचं होतं. वाटेच्या तोंडाशी आमच्या वाटाड्यानं सगळ्यांना थांबवलं. बुटांचे तळवे ब्रशनं घासायचे, चिखल काढायचा, वर औषधाचं पाणी मारायचं आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. भाची वैतागली. म्हणाली, "मावशी, जंगलात जायचंय की ऑपरेशन थिएटरमध्ये?" मला मात्र बरं वाटलं. मी विचारलं, कोणत्या रोगासाठी? तो म्हणाला, "बेडकांच्या." मला वाटलं तो थट्टा करतोय. पण चालता चालता त्यानं मला त्या बेडकाची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी नातवाला सांगून कॉम्प्युटरवरून आणखी माहिती काढून घेतली, इंग्रजी लेख डिक्शनरी घेऊन वाचले. तीच गोष्ट आता माझ्या भाषेत सांगते.

चिलखतवाला बेडूक

मॉसमनच्या वरच्या डोंगरांत आणि त्याच्या उत्तरेला थॉर्नटन पीक नावाच्या शिखराच्या अंगाखांद्यावर एक चिमुकला बेडूक राहत असे. थॉर्नटन पीकची उंची आपल्या महाबळेश्वराएवढी आहे असं समजा. बेडूक तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. कूळ झाडबेडकांचं. बोटांच्या टोकाला त्या कुळाच्या चिकट गाद्या आहेत. पण हा झाडावर बसण्यापेक्षा ओढ्यातल्या धोंड्यांना चिकटून राहतो, तेही जिथे पाणी सर्वात जोरात आदळतं आणि तुषार उडतात तिथेच. म्हणून इंग्रजीत त्याला मिस्टफ्रॉग म्हणतात, धुक्यातला बेडूक. रंग करडा-तपकिरी, दगडावर बसला तर दिसायचा नाही.

१९७९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि लिटोरिया लोरिका असं नाव ठेवलं. लोरिका म्हणजे लॅटिन भाषेत छातीवरचं चिलखत. विणीच्या दिवसांत नराच्या छातीवर आणि अंगठ्यावर बारीक काळे काटे येतात. एवढ्या जोराच्या पाण्यात मादीला धरून ठेवायचं तर असलं काहीतरी हवंच, नाही का? त्याच्या भाऊबंदांची पिल्लंही तशीच तयारीची असतात. तोंडानं दगडाला चोखणीसारखी चिकटतात आणि धारेला तोंड देत वाढतात.

असा हा पाण्याच्या माराला न डगमगणारा प्राणी. पण नोंद झाल्यावर बारा वर्षांतच तो दिसेनासा झाला. १९९१ मध्ये तो शेवटचा पाहिला गेला. नंतर लोकांनी त्याच ओढ्यांवर रात्र रात्र बॅटऱ्या घेऊन शोधलं. पाणी होतं, दगड होते, झाडं होती. कोणी जंगल तोडलं नव्हतं, धरण बांधलं नव्हतं. बेडूक तेवढे गेले होते. आणि हा एकटाच गेला नाही. त्याच डोंगरांवरच्या ओढ्यांत राहणाऱ्या त्याच्या जातभाईंचीही तीच गत झाली. गंमत अशी की यांतल्या काही जाती खाली सखल भागातल्या ओढ्यांवर पुन्हा दिसू लागल्या, पण उंचावर मात्र सामसूम. हा चिलखतवाला तर फक्त उंचावरचाच, त्यामुळे लोकांनी त्याच्या नावानं पाणी सोडलं.

रोग कोणता?

१९९६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी लिहिलं की हे साथीच्या रोगाचं काम असावं. साथ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेल्यासारखी दिसत होती. बऱ्याच लोकांनी विश्वास ठेवला नाही. रानातल्या बेडकांना साथ? १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एकच बुरशी सापडली. कायट्रिड जातीची ही बुरशी पाण्यात राहते. तिच्या बारीक बीजाला शेपूट असतं, ते पोहत पोहत बेडकापर्यंत जातं आणि कातडीत घर करतं.

आता कातडीच्या बुरशीनं कोणी मरतं का? आपल्याला गजकर्ण होतं, पायाच्या बोटांत चिखल्या होतात, खाज सुटते, मलम लावलं की जातं. म्हणून मलाही आधी नवल वाटलं. पण बेडकाचं कातडं म्हणजे आपल्यासारखं नुसतं वेष्टण नव्हे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. श्वासही काही प्रमाणात कातडीनं घेतो. अंगातले क्षार किती ठेवायचे हेही कातडीच सांभाळते. म्हणजे आमच्या भाषेत त्याच्या मूत्रपिंडाचं अर्धं काम कातडी करते.

२००९ मध्ये यावर एक संशोधन छापून आलं. ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. आजारी बेडकांचं रक्त तपासलं तर त्यातलं सोडियम आणि पोटॅशियम खूप उतरलेलं, आणि शेवटी हृदय बंद. वाचकहो, पोटॅशियम! रात्रपाळीच्या कुठल्याही नर्सला विचारा, या शब्दानं काय होतं ते. लॅबमधून फोन यायचा, "अमक्या बेडचं पोटॅशियम खाली गेलंय," आणि आम्ही पळत सुटायचो, डॉक्टरला उठवायचो, मॉनिटर लावायचो, सलाईनमधून थेंबाथेंबानं भरून काढायचो. त्या डोंगरावरच्या ओढ्यात हजारो बेडूक याच आजारानं दगडावर बसल्या जागी गेले. त्यांना ना लॅब, ना सलाईन.

आणखी एक गोष्ट. या बुरशीला कातडीतलं केराटिन लागतं. बेडकाच्या पिल्लाच्या अंगभर ते नसतं, फक्त तोंडाशी असतं. त्यामुळे पिल्लू रोग घेऊन मजेत पोहत राहतं, इतरांना देतं, स्वतः सहसा मरत नाही. मोठं होऊन कातडी बदलली की मग रोग अंगभर पसरतो. आमच्याकडे याला कॅरिअर म्हणतात. लक्षण काही नाही, पण रोग अंगावर आहे.

कोणाच्या हातून?

ही बुरशी एवढ्या दूरदूरच्या देशांत पोहोचली कशी? याच्या उत्तरात आमच्या धंद्याचाही थोडा हात आहे असं बरेच दिवस मानत होते. जुन्या मेट्रन सांगायच्या, पूर्वी बाईला दिवस गेलेत का हे बघायला बेडूक वापरत. बाईच्या लघवीचं इंजेक्शन आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकीला द्यायचं. गर्भ असेल तर बेडकी काही तासांत अंडी घालायची. १९३० नंतर ही तपासणी सुरू झाली आणि दक्षिण आफ्रिकेतून हजारो बेडूक जगभरच्या लॅबमध्ये जाऊ लागले. त्या जातीच्या १९३८ सालच्या, संग्रहालयात जपलेल्या नमुन्यावरही ही बुरशी सापडली. २०१८ मध्ये बुरशीच्या जनुकांवरून असं दिसलं की तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला असावं आणि विसाव्या शतकात बेडकांच्या व्यापारातून ती जगभर गेली. कोणी पाळायला नेले, कोणी खायला, कोणी तपासणीला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी एका इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात होते. इस्पितळाचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. रात्री दोघीजणी आणि बाळं वीसच्या वर. हात धुवायचं बेसिन वॉर्डाच्या पार टोकाला. एका आठवड्यात काही बाळांच्या अंगावर पाण्याच्या पुटकुळ्या आल्या. बहुतेक बरी झाली. एकाच्या रक्तात गेलं आणि ते दगावलं. मग आम्हा सगळ्यांच्या नाकातून आणि हातांवरून कापूस फिरवून तपासणीला पाठवला. तिघींच्या नमुन्यात तोच जंतू निघाला. त्या तिघींत मी होते. मला साधी शिंकही आली नव्हती. मी रोज स्वच्छ गणवेश घालून, प्रत्येक बाळाला प्रेमानं उचलत होते.

कोणाच्या हातून गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिघींपैकी कुणाच्याही असेल, नसेलही. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "आता रडू नकोस, हात धू." त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत मी एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे हात न धुता गेले नाही. पण ती आई अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून त्या पायवाटेवर बूट घासताना मी भाचीसारखी वैतागले नाही. रोग नेणाऱ्याला तो नेतोय हे कळत नाही. त्या डोंगरांवर बेडकांवर जीव टाकणारी माणसंच जास्त जात होती, आणि त्यांच्या ओल्या बुटांतून, जाळ्यांतूनही बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. आता ते बेडूक हाताळताना दर बेडकाला नवे हातमोजे घालतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.

सतरा वर्षांनी

२००८ मध्ये टाउन्सविलच्या जेम्स कुक विद्यापीठातला एक विद्यार्थी, रॉबर्ट पुशेनडॉर्फ, डॉक्टरेटसाठी बेडकांचं काम करत होता. तो घनदाट पर्जन्यवनात न शोधता त्याच्या पश्चिम कडेला, जिथे निलगिरीची कोरडी, विरळ झाडी सुरू होते तिथल्या एका ओढ्यावर गेला. उंची जवळजवळ तीच, पण सावली कमी. तिथे त्याला दगडांवर बेडूक बसलेले दिसले. तपासून पाहिलं तर चिलखतवाला! सतरा वर्षं ज्याला मेलेला समजत होते तो तिथे होता, आणि एकदोन नाही, चांगला गोतावळा होता.

मग वाटलं, इथे बुरशी पोहोचली नसेल. पण तपासणीत बुरशीही निघाली. बऱ्याच बेडकांच्या अंगावर होती. तरी बेडूक धडधाकट!

याचं कारण शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडलं, ते असं. या बुरशीला गारवा लागतो. साधारण १७ ते २५ अंशांत ती जोमानं वाढते, २८ च्या वर गेलं की मंदावते, तिशीच्या वर टिकाव धरणं कठीण. पर्जन्यवनाच्या दाट सावलीतला ओढा दिवसरात्र गार असतो. पण या विरळ झाडीतल्या ओढ्यावर ऊन पडतं, धोंडे तापतात आणि रात्रीही कोमट राहतात. बेडूक त्यावर बसतो आणि त्याच्या अंगाला शेक मिळतो. बुरशी पुरती मरत नाही, पण डोकं वर काढत नाही. म्हणजे बेडूक रोगातून सुटला नाही, रोग घेऊनच जगतो. डायबेटिस किंवा बीपी घेऊन आपण म्हातारे जगतो, तसंच म्हणा ना.

हे वाचून मला आजीची वीट आठवली. पोटात दुखलं, कंबर धरली की आजी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेक द्यायची. नर्सिंग शिकल्यावर मी तिला हसत असे. आता हसत नाही.

कारण पुढचं ऐका. २००३ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसऱ्या एका जातीच्या आजारी झाडबेडकांना ३७ अंशांवर, दोन वेळा आठ-आठ तास ठेवून बरं केलं होतं. ३७ म्हणजे आपल्या अंगाचं नेहमीचं तापमान. आणि २०२४ मध्ये अँथनी वॅडल यांनी काय केलं? भोकं असलेल्या विटा काळ्या रंगवल्या आणि छोट्या हरितगृहांत रचून उन्हात ठेवल्या. आजारी बेडूक आपण होऊन त्या भोकांत जाऊन बसले, शेक घेतला आणि बरे झाले. एवढंच नाही, एकदा असे बरे झालेले बेडूक पुढच्या वेळी रोगाला जास्त चांगले तोंड देऊ लागले. ते बेडूक वेगळ्या जातीचे, सिडनीच्या बाजूचे, पण युक्ती तीच. खर्च किती, तर विटांचा. आजी असती तर म्हणाली असती, "मी काय सांगत होते?"

अर्थात विटा सगळ्या बेडकांना पुरणार नाहीत. २०१९ मध्ये जगभरचा हिशोब छापून आला. या बुरशीनं बेडूक आणि त्यांच्या नातलगांच्या ५०१ जाती घटल्या, त्यांतल्या ९० नाहीशा झाल्याचं धरतात. त्यात ऑस्ट्रेलियातला एक बेडूक असा होता की त्याची मादी अंडी गिळायची आणि पोटात पिल्लं वाढवायची. त्या काळात तिच्या जठरातलं आम्ल थांबायचं. जठराच्या अल्सरवर काही शिकता येईल म्हणून डॉक्टर लोक त्याकडे डोळे लावून होते. तो १९८० च्या दशकात संपला. त्यानं काय शिकवलं असतं ते आता कळायचं नाही.

आपल्या सह्याद्रीतही ही बुरशी सापडली आहे. २०१३ मध्ये पुण्याकडच्या संशोधकांनी तिथल्या बेडकांवरची आशियातली जात नोंदवली. मात्र ऑस्ट्रेलियासारखी सामसूम तिकडे झालेली नाही. आशियातले बेडूक आणि ही बुरशी जुने शेजारी असावेत, एकमेकांची सवय झालेली असावी. तरी बाहेरून नवी जात आली तर सवय कामाला येणार नाही. २०२० साली आपण सगळेच हा धडा घरात बसून शिकलो.

एकाच ओढ्यावर

आपल्या चिलखतवाल्याचं पुढे काय? तो तसा अजून धोक्यातच आहे. सगळी वस्ती एका ओढ्यावर, म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. म्हणून २०१३ मध्ये कॉनराड हॉस्किन आणि पुशेनडॉर्फ यांनी काही बेडूक उचलून त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, तशाच उन्हाच्या जागी नेऊन सोडले, म्हणजे एकीकडे काही झालं तर दुसरीकडे राहतील. काळजी उगीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ आलं तेव्हा त्याच मुलखात एवढा पाऊस पडला की डोंगर खचले.

मी तो बेडूक पाहिलेला नाही. मी होते डोंगराच्या पायथ्याशी, तो वर, पलीकडच्या कोरड्या बाजूला, आणि या गुडघ्यांनी तिथे जाणं आता शक्य नाही. पण तो तिथे दगडावर बसला आहे हे माहीत असणं मला पुरे आहे.

आमच्या वॉर्डात प्रत्येक वेळी रोग पुरता बरा करता येत नसे. तेव्हा आम्ही पेशंटला ऊब द्यायचो, स्वच्छ ठेवायचो, दुसऱ्याचा रोग त्याला लागू द्यायचो नाही आणि वाट बघायचो. पुष्कळदा तेवढ्यानं माणूस तरून जायचा. याला शुश्रूषा म्हणतात. त्या ओढ्यावर ऊन आणि दगड मिळून तेच करत आहेत. हात स्वच्छ ठेवण्याचं काम तेवढं आपल्याकडे आहे.

म्हणून शेवटी एक सांगणं. आपली मुलं-नातवंडं गोलानच्या ओढ्यांवर फिरायला जातात, आर्मीतून सुटली की बॅग पाठीला लावून दक्षिण अमेरिकेत आणि भारतात जातात. त्यांना सांगा, एका नदीतून दुसऱ्या नदीकडे जाताना बुटांचा चिखल घासून काढा आणि बूट खडखडीत वाळवा. या बुरशीला कोरडं झालेलं चालत नाही, उन्हात वाळवणं हेच औषध. घरी पाळलेला बेडूक किंवा मासा नको झाला म्हणून ओढ्यात सोडू नका, आणि मासे ठेवलेलं पाणीही तिथे ओतू नका. ही कामं पाच मिनिटांची आहेत. मीही एके काळी म्हणत असे, पाच मिनिटं कुठून आणू, बेसिन फार लांब आहे.

असो. लेख लांबला, संपादकांची आणि तुमची माफी मागते. हिवाळ्यात पहिला पाऊस पडेल तेव्हा एखाद्या संध्याकाळी खिडकी उघडून ऐका. आपल्याकडेही हिरवे झाडबेडूक आहेत. ओरडत असतील तर ओरडू द्या.